काखेतलं दूध

पाणगाईचं पिल्लू दूध तोंडात घेत नव्हतं, आणि आज बुधवार, तिसरा दिवस होता.

तिपिश्काच्या तळ्याकाठी अख्खी वस्ती गोळा झाली होती. काम नसलेले आले होते आणि काम टाकून आलेले त्याहून जास्त होते. प्रत्येकाकडे एक सल्ला तयार. कुणी म्हणालं, दुधात केळं कुस्करून घाला. कुणी म्हणालं, शेपटीला हिसडा द्या, तोंड आपोआप उघडेल. सल्ल्याला आमच्याकडे कधी तोटा पडलेला नाही. मासळीला पडतो, मिठाला पडतो, सल्ल्याला नाही.

पिल्लू खुंटांच्या कुंपणात, कमरेभर पाण्यात पडून होतं. दोन हात लांब, टायरच्या ट्यूबसारखं काळं, अंगावर विरळ केस, पुढे वल्ह्यासारखे दोन हात, मागे पसरट शेपूट. मधूनच नाक वर यायचं, नाकपुड्यांची झाकणं उघडायची, फुस्स करून श्वास सुटायचा आणि ते परत खाली जायचं. सोमवारी ते कुंपणभर हिंडून वर येत होतं. आज जागच्या जागी वर येत होतं आणि दगडासारखं बुडत होतं. बुडताना बारीक आवाजात कुंई करत होतं.

तो आवाज कासिल्दा युयारिमाच्या काळजात रुतत होता. काठावरच्या ओंडक्यावर ती सकाळपासून बसून होती. त्रेसष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, विधवा बाई. तिच्या जिभेला वस्तीतली कुत्रीसुद्धा वचकून असत. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. याचीच लोकांना जास्त काळजी वाटायला हवी होती, पण सगळ्यांचं लक्ष मास्तरांकडे होतं.

पिल्लू गेल्या शुक्रवारी लेनेरच्या जाळ्यात सापडलं होतं. लेनेर हा वस्तीचा आपू, म्हणजे मुख्य, आणि कासिल्दाच्या नणंदेचा मुलगा. त्याने दोन दिवस तळं पालथं घातलं, पण पिल्लाची आई काही दिसली नाही. इकितोस शहरातल्या बचावकेंद्राला रेडिओवरून निरोप गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लाँचबरोबर दुधाच्या भुकटीचा डबा, एक बाटली आणि एक कागद धाडला. मी शनिवारी येते, तोवर पिल्लू जगवा, असा निरोपही दिला. कागद वाचायचा म्हणून सगळं मास्तरांच्या हाती गेलं.

इतालो मास्तर शहरातले. सहा वर्षांपूर्वी शाळेवर आले आणि इथलेच झाले. माणूस सज्जन, कष्टाळू, पण छापलेल्या अक्षरापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. सोमवारी त्यांनी बाटली पाण्यावर धरली. मंगळवारी पिल्लाच्या नाकासमोर पाण्याखाली धरली. बुधवारी त्यांनी कागद नव्याने वाचला, मोठ्याने, दोनदा.

"'पिल्लाला पाण्याखाली पाजावे. आईला जिथे असते, तिथेच बाटली धरावी.' ऐकलंत? आईला जिथे असते तिथे! आपण मूळ मुद्दाच विसरलो. ही गाय आहे!"

आणि मास्तर पाण्यात उतरले, पिल्लाकडे पाठ केली, गुडघे फाकवून वाकले, आणि बाटली दोन मांड्यांच्या मधे धरून चोखायचं रबरी बूच मागच्या बाजूला काढलं.

लोक हसून हसून आडवे झाले. एक जण तर होडीतून पाण्यात पडला. "मास्तर, लाथ मारू नका!" "मास्तर, शेपूट कुठाय?" मास्तर लाल झाले, पण हलले नाहीत. पिल्लू त्यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच कुंई करत राहिलं.

काठावर सात-आठ जणी मात्र हसत नव्हत्या. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. कुणी पायाच्या नखांकडे बघत होती, कुणी ढगांकडे. त्यांना ठाऊक होतं, आणि त्या मूग गिळून बसल्या होत्या.

त्याचं असं आहे. पाणगाय मारायचे पुरुष. भाल्याने मारायचे, होडीला बांधून घाटावर आणायचे, आणि मग मासातोची, म्हणजे कंदाच्या दारूची, घागर घेऊन बढाया मारत बसायचे. तिथून पुढचं सगळं बायकांचं. सोलणं, कापणं, चरबीत तळून डब्यात भरणं. पाणगाईच्या आत काय कुठे असतं हे पुरुषांनी कधी पाहिलंच नाही. आणि मारणं बंद होऊन आता वीस वर्षं झाली, तेव्हा तरण्या बायकांनाही ठाऊक असायचं कारण नाही.

मग या बोलत का नव्हत्या? तर ठरावामुळे.

तीन वर्षांपूर्वी पाइचे मासा धरायचा परवाना हवा होता. पाइचेवर अर्धी वस्ती जगते, आणि पाणगाय मारणाऱ्या वस्तीला परवाना मिळत नसे. परवान्याचा साहेब येणार म्हणून ग्रामसभा बसली आणि मास्तरांनी वळणदार अक्षरात ठराव लिहिला: 'या वस्तीतील कोणीही, वाडवडिलांपासून आजतागायत, पाणगाय मारलेली नाही, कापलेली नाही व खाल्लेली नाही.' मास्तर बाहेरचे, त्यांना ते खरंच वाटलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे न बघता सह्या केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. कासिल्दानेही दिला. लेनेरने आपू म्हणून सर्वांत वर सही केली. त्या वेळी त्याची विजार ज्या पट्ट्याने कमरेवर टिकून होती तो त्याच्या बापाचा पट्टा पाणगाईच्याच कातड्याचा होता. साहेब खूश झाला, परवाना मिळाला, आणि त्या दिवसापासून तिपिश्कात पाणगाईविषयी कुणालाच काही माहीत नव्हतं.

पिल्लू पुन्हा कुंई करून बुडालं.

कासिल्दाने डोळे मिटले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तेव्हा तिची मुलगी इर्मा तीन महिन्यांची होती. नवऱ्याने, आर्तिदोरोने, एक मादी मारून आणली, आणि होडीच्या मागोमाग तिचं पिल्लू घाटापर्यंत आलं. कासिल्दाने मादीचा हात उचलून काखेखाली सुरी घातली तशी कोमट, घट्ट दुधाची धार तिच्या मनगटावर आली. ते पाहून तिलाच पान्हा फुटला. झगा छातीवर भिजला. तरी ती कापत राहिली. मांस चांगलं झालं होतं, तेही तिने खाल्लं, खोटं कशाला बोला. पण पिल्लू तीन दिवस घाटाशी ओरडत होतं, आणि ती घरात बसून इर्माला अंगावर पाजत होती. इर्मा एका बाजूने ओढायची आणि दुसऱ्या बाजूने दूध वाया जायचं. चौथ्या दिवशी घाट गप्प झाला. ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नाही. आर्तिदोरोलाही नाही.

आता हे दुसरं पिल्लू तिच्यासमोर मरत होतं, आणि या खेपेला दूध बाटलीत भरून तयार होतं.

ती उठली.

"मास्तर, ते गुडघे मिटा आधी. बघवत नाही."

"कागदात लिहिलंय, कासिल्दाबाई. आईला असतं तिथे."

"लिहिलंय ते बरोबर आहे, धरलंय ते चूक आहे. डुकरिणीला पोटाखाली दोन रांगा असतात. माकडिणीला छातीवर. माझ्या छपरात खार व्याली होती, तिला पोटभर आठ होते. पानांचा अख्खा झाप खाली कोसळला तरी बाईने एकाही पिल्लाच्या तोंडचा सड सुटू दिला नाही. ज्याची त्याची जागा वेगळी. गाईला तुम्ही म्हणता तिथे असतं. हिला काखेत असतं."



"काखेत?" मास्तर बाटली हातात घेऊन सरळ उभे राहिले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, पण प्रश्न नेमका तोच आला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मामी," लेनेर खालच्या आवाजात म्हणाला, "ऊन फार झालंय. घरी चल."

"वहिनीला सकाळपासून पित्त झालंय," तेओलिंदा घाईघाईने म्हणाली. ती लेनेरची आई आणि कासिल्दाची नणंद. चाळीस वर्षं दोघींचं एकमेकींवाचून चालत नव्हतं, आणि चाळीस वर्षं एकीने दुसरीला कधी बरं म्हटलं नव्हतं.

"पित्त नाही झालं वन्सं," कासिल्दा म्हणाली. "कापून ठाऊक आहे, मास्तर. अकरा कापल्या मी. या दोन हातांनी."

 लेनेरने कपाळाला हात लावला.

"वहिनी! अंगठा दिलाय ना आपण!"

"अंगठा दिला, काख नाही दिली."

"मामी, ऐक," लेनेर पुढे आला. "शनिवारी ती डॉक्टरीण येणार. तिच्या कानावर गेलं की साहेबाच्या कानावर गेलं. परवाना जाईल. मग खायचं काय आपण?"

"परवाना जाईल तेव्हा जाईल," कासिल्दा म्हणाली. "हे आत्ता चाललंय."

तिने मास्तरांच्या हातून बाटली घेतली आणि झग्यासकट पाण्यात शिरली. कुंपणाच्या मधोमध जाऊन खाली बसली. पाणी गळ्यापर्यंत आलं. बाटली डाव्या काखेत दाबली, बूच पुढे काढलं, आणि ती थांबली.

पिल्लू बराच वेळ हललं नाही. मग सावकाश आलं. तिच्या गुडघ्याला थडकलं, मांडीला थडकलं, परत फिरलं. पुन्हा आलं. काखेतून बाटली सटकली आणि टुणकन पाण्यावर आली. काठावर कुणीतरी फिसकन हसलं. कासिल्दाने बाटली पुन्हा दाबली. पिल्लाचा खरखरीत ओठ तिच्या कोपराला लागला, दंडाला लागला, आणि सुटला. चौथ्या खेपेला ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. अर्ध्या वाटेत बुडालं.

"ये गं बाई," कासिल्दा म्हणाली. तिचा आवाज कुणी असा कधी ऐकला नव्हता. "ये. इथेच आहे. मी कुठे जात नाही आज."

ते नाही आलं. काठावर आता कुणी हसत नव्हतं. कासिल्दाचं तोंड पडलं होतं, आणि ते पडलेलं तोंड बघून काठावरच्या एका बाईचा स्वतःवरचा ताबाच सुटला.

"अगं पुढे काय धरतेस!" तेओलिंदा ओरडली. "मागे वळव, मागे! सड मागच्या अंगाला असतो! हात जिथे अंगाला चिकटतो तिथे, त्या खालच्या घडीत! इतक्या कापल्यास, डोळे मिटून कापत होतीस काय?"

सगळ्या माना वळल्या.

"आई?" लेनेर म्हणाला.

तेओलिंदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि ती तशी बाईही नव्हती. तिने हात काढले.

"काय आई? हिच्या अकरा, तर माझ्या सतरा! हिला सुरी तरी धड धरता येत होती का? घाटावर सगळ्यात बारीक तुकडे कुणाचे असायचे, विचार जा कुणालाही!"

"माझे असायचे," मागून म्हातारी रोसाउरा म्हणाली. तिचं वय ऐंशीच्या पुढे. "आणि तेओलिंदे, तिला सांग, हात घट्ट नको धरू. मादी हात उचलते पाजताना. थोडा उचलायचा, वल्हं उचलतात तसा."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. तीन वर्षं गिळलेले मूग सगळ्या जणींच्या तोंडून एकदम बाहेर आले. एक म्हणाली, हळूहळू पुढे सरकत राहा, आई जागेवर थांबत नाही. दुसरी म्हणाली, दूध गार असेल, माझ्या हाताला कसं कोमट लागलं होतं. मास्तर गरम पाणी आणायला पळाले. पळता पळता "काखेत, काखेत," असं स्वतःशीच म्हणत होते.

तेओलिंदा झगा न आवरता पाण्यात घुसली. डोक्याचा रुमाल सोडून तिने बाटली कासिल्दाच्या काखेत मागच्या बाजूने बांधली, बूच बोटाने तपासलं आणि गाठ करकचून ओढली.

"दुखतंय वन्सं."

"दुखू दे."

मग ती मागे झाली, पिल्लाच्या पोटाखाली दोन्ही हात घालून त्याला वर आणलं, एक श्वास घेऊ दिला आणि कासिल्दाच्या मागच्या अंगाने सोडलं. कासिल्दाने हात किंचित उचलला आणि गुडघ्यांवर हळूहळू पुढे सरकू लागली. पिल्लू तिच्या कुशीला घासत चाललं. त्याचा ओठ बरगडीवर फिरला, वर चढला, काखेत शिरला.

आणि मग तिला ओढ लागली.

एकदा. थांबली. पुन्हा. मग ओढीमागून ओढ, अशी जोराची की रुमालाची गाठ तिच्या खांद्यात रुतली. दुधाचा एक पांढरा धूर पाण्यात पसरला आणि लगेच विरला, कारण पिल्लाने तोंड घट्ट लावलं होतं.  गेली तीस वर्षं तिच्या छातीत काही नव्हतं, पण त्या घटकेला तिथे तीच जुनी कळ आली, इर्मा ओढायची तेव्हाची. ती पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेली होती, म्हणून रडते आहे की नाही ते काठावरून कळलं नाही. ती रडत होती, आणि आयुष्यात इतका आनंद तिला क्वचितच झाला होता.

"पितंय का?" लेनेर काठावरून कुजबुजला.

"पितंय का म्हणे!" कासिल्दा गरजली. "काख उपटून नेतंय माझी!"

जो काय गलका झाला! होडीतल्यांनी वल्ही होडीवर बडवली. मास्तर गरम पाण्याची किटली घेऊन आले ते किटलीसकट नाचले. पिल्लू नाक वर काढून फुस्स करायचं आणि परत काखेत घुसायचं. रोसाउराने प्रत्येक फुस्सला टाळी वाजवली. पंधरा मिनिटांत बाटली रिकामी झाली, आणि दुसरी बाटली नाही म्हणून लेनेर तीच धुऊन भरून आणायला धावला.

दर तीन तासांनी पाजायचं होतं. सात जणींनी पाळ्या लावल्या. गुरुवारी पिल्लू कुंपणभर फिरू लागलं. शुक्रवारी ते बाई पाण्यात शिरायच्या आधीच खुंटांशी येऊन थांबू लागलं, आणि त्याच दुपारी ग्रामसभा बसली.

वाद फारसा झाला नाही. कासिल्दाने सांगितलं आणि मास्तरांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'मागचा ठराव खोटा होता. आम्ही पाणगाय मारली, कापली आणि खाल्ली. वीस वर्षांपूर्वी सोडली. तिचं दूध कुठे असतं ते आम्हाला त्यामुळेच ठाऊक आहे. आता तिचं पिल्लू आम्ही पाजतो आहोत.' पहिला अंगठा तेओलिंदाचा. शेवटची सही लेनेरने केली, आणि सही झाल्यावर कमरेचा पट्टा सोडून वहीशेजारी ठेवला. मग विजार एका हाताने धरून त्याने सभा संपली असं जाहीर केलं. ती सभा लोक अजून विसरलेले नाहीत.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, चेहऱ्यावरून धीट. कुणाला काही विचारायच्या आधी त्या पाण्यात उतरल्या आणि बाटली काखेत धरली, अगदी बरोबर, मागच्या बाजूने. पिल्लू त्यांच्याभोवती एक फेरी मारून सरळ कासिल्दाकडे गेलं.

"मी कागदात काख असं लिहायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं?"

लेनेरने वही पुढे केली.  बाईंनी दोन्ही ठराव वाचले, आधी जुना, मग नवा. सगळी वस्ती भोवती गोळा झाली होती.

"साहेबांना हे दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि मी इथे काय पाहिलं तेही मी त्यांना सांगणार आहे. तिपिश्कात पिल्लू जगलं. मी पाच वर्षांत अशी सहा पिल्लं न्यायला गेले. चार वेळा रिकाम्या हाताने परत आले." मग त्या कासिल्दाकडे वळल्या. "इकितोसला पोचायला एक अख्खा दिवस लागेल. वाटेत ते माझ्याकडून पिणार नाही. मावशी, तुम्ही येता?"

कासिल्दाने इर्माच्या लग्नानंतर इकितोस पाहिलं नव्हतं. तिने एक झगा पिशवीत घातला आणि ती निघाली.

होडीच्या मधोमध मोठं प्लास्टिकचं टाकं बांधलं होतं. त्यात पाणी, पाण्यात पिल्लू, आणि पिल्लाशेजारी मांडी घालून, गळ्यापर्यंत भिजून कासिल्दा. घाट सुटला. ती मागे बघत होती. याच घाटावर एक पिल्लू तीन दिवस ओरडलं होतं आणि चौथ्या दिवशी गप्प झालं होतं. त्या पिल्लासाठी आता काही करता येणार नव्हतं. पण आज घाटावर माणसं ओरडत होती, वल्ही बडवत होती, आणि पिल्लू घाटावर नव्हतं. ते तिच्या काखेत होतं आणि पोटभर पीत होतं.

गलक्याच्याही वरून तेओलिंदाचा आवाज पाण्यावरून आला.

"मागे वळव गं, वहिनी! बूच मागे! विसरशील!"

कासिल्दाने दुसरा, मोकळा हात पाण्याबाहेर काढला आणि विसरणार नाही हे नणंदेला दाखवायला तो पार काख दिसेल इतका वर उचलला.